आत्महत्येच्या बातमीतलं ‘कारण’: मराठी संपादकांना एक खुलं पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक, वृत्तसंपादक, आणि रात्रपाळीला बसून मथळे लावणारे सगळे उपसंपादक

सप्रेम नमस्कार.

गेली सात वर्षं मी दर शनिवारी दुपारी दोन ते सहा एका हेल्पलाइनवर फोन घेते. जगणं नकोसं झालेली माणसं तिथे फोन करतात. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. एका बँकेत २९ वर्षं काउंटरवर काम केलं आणि निवृत्त झाल्यावर या खोलीत येऊन बसले. आमच्यात घरी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, एक इंजिनिअर आहे, कॉलेजात शिकणारी दोन मुलं आहेत. पगार कुणालाच नाही. आम्हाला शिकवलंय ते एवढंच, की समोरच्याचं ऐकायचं कसं. या पत्राखाली माझं नाव नाही, संस्थेचंही नाही. आमचे कॉलर नाव न सांगता बोलतात आणि आम्हीही आमचं नाव सांगत नाही, तोच नियम मी इथे पाळते आहे.

कुणाही कॉलरची गोष्ट मी या पत्रात सांगणार नाही, नाव-गाव बदलूनसुद्धा नाही. तसं वचन आम्ही दिलेलं असतं. सांगणार आहे ते फोनच्या अलीकडच्या बाजूचं, आणि एक माझ्या घरातलं.

‘मोबाईल न दिल्याने…’, ‘आई रागावल्याच्या कारणावरून…’, ‘किरकोळ वादातून…’, ‘क्षुल्लक कारणावरून उचलले टोकाचे पाऊल’. सकाळी चहाबरोबर हे मथळे वाचायची आपल्या सगळ्यांना इतकी सवय झाली आहे की त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही. मला मात्र आता ते वाचवत नाहीत. माझं सगळं म्हणणं त्यातल्या एका शब्दाबद्दल आहे, ‘कारण’ या शब्दाबद्दल.

निवड झाल्यावर आमचं प्रशिक्षण सलग सहा रविवार चाललं. त्यात व्याख्यानं थोडी आणि रोल-प्ले जास्त. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, म्हणजे फोनवरच्यासारखाच चेहरा दिसत नाही. एकाने कॉलर व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. माझ्या पहिल्या रोल-प्लेमध्ये आमचे प्रशिक्षकच कॉलर झाले होते. म्हणाले, “झोप लागत नाही हो. तीन वाजता जाग येते ती येतेच.” मी लगेच म्हटलं, “संध्याकाळनंतर चहा बंद करून बघा ना.” पाठीमागून काही आवाज येईना. मी दोनदा “हॅलो” म्हटलं. मग ते खुर्चीतून वळले आणि म्हणाले, “कॉलरने फोन ठेवला. तीन वाजता उठून तो काय करतो, हे आता तुम्हाला कधीच कळणार नाही.”

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला रडू आवरेना. ते कशामुळे, ते पुढे येईल.

दुसऱ्या रविवारी त्यांनी आमच्याकडून ‘का’ हा शब्दच काढून घेतला. “असं का वाटतं तुम्हाला?” असं विचारलं की माणूस मनातलं सांगत नाही, खुलासा द्यायला लागतो. साहेबापुढे द्यावा तसा. एक सोयीचं, दुसऱ्याला पटेल असं कारण पुढे करतो आणि त्याच्या मागे लपतो. म्हणून आम्ही “काय होतंय?” विचारतो, “केव्हापासून?” विचारतो, “आज काय झालं?” विचारतो, आणि थांबतो. हे थांबणंच सगळ्यात अवघड आहे. फोनवरचं अर्धं मिनिट फार मोठं असतं. पंख्याचा आवाज ऐकू येतो, खाली कुणीतरी गाडीला किक मारत असतं, आणि आपल्या तोंडात पन्नास सल्ले येऊन उभे असतात. ते गिळायचे.

एक प्रश्न मात्र सरळ विचारायला शिकवलं: “आत्महत्येचे विचार मनात येतायत का?” शब्द न टाळता, आवाज न बदलता. विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती सगळ्यांनाच असते, मलाही होती. ती खरी नाही. उलट ज्याने तो शब्द महिनोन् महिने एकट्याने वागवलेला असतो, त्याला तो दुसऱ्याच्या तोंडून साध्या आवाजात ऐकून मोकळं वाटतं. तेव्हा या विषयावर बोलूच नका, लिहूच नका, असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही.

आमच्या टेबलावर एक लांबट वही असते. प्रत्येक फोननंतर तिच्यात एक ओळ भरायची. तारीख, वेळ, किती मिनिटं, बाई की पुरुष, अंदाजे वय, आणि ‘नंबर कुठून मिळाला’. बँकेतल्या सवयीने मी पहिल्याच दिवशी शोधलं, पण ‘कारण’ असा रकाना त्या वहीत नाही. रजेच्या अर्जावर असतो, कर्जाच्या अर्जावर असतो, तिथे नाही. तो पूर्वी होता आणि मुद्दाम काढून टाकला, असं जुन्या स्वयंसेवकांनी सांगितलं. ज्याने त्याने आपल्या फोनला जे नाव द्यायचं, ते पहिल्या दहा मिनिटांत ऐकलेलं असायचं. फी, भांडण, मार्क, हप्ता. आणि चाळिसाव्या मिनिटाला तोच माणूस अशा गोष्टीपाशी येऊन पोचलेला असायचा, जिचा सुरुवातीला उच्चारही नव्हता. त्यापुढे आणखी काही असायचं, ते आम्हाला कळायच्या आत वेळ संपायची. तासभर ऐकूनही जे आम्हाला एका शब्दात लिहिता येत नाही, ते दुसऱ्या दिवशी मथळ्यात पाच शब्दांत आलेलं दिसतं, आणि तेही त्या माणसाचा आवाज कधीच न ऐकलेल्या कुणीतरी लिहिलेलं.

आता माझ्या घरातलं.

माझा मावसभाऊ २००९ च्या जूनमध्ये गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. वय ३४. तिसऱ्या दिवशी जिल्हा आवृत्तीत सिंगल कॉलम बातमी आली. अकरा ओळी. मथळा होता: ‘पत्नी माहेरी गेल्याने युवकाची आत्महत्या’.

वहिनी माहेरी गेली होती, हे खरं. तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस गेली होती, आणि एस.टी. स्टँडवर तिला सोडायला तोच गेला होता. सरकारी दवाखान्यात पोलिसांनी विचारलं, “घरात कोण होतं?” वहिनीच्या चुलत सासऱ्यांनी सांगितलं, “कुणी नव्हतं, बायको माहेरी गेलीय.” एवढंच. एका प्रश्नाचं सरळ उत्तर कागदावर उतरलं, कागदावरून वार्ताहराच्या वहीत गेलं, वहीतून रात्री फोनवर डेस्कला गेलं आणि छापून आलं तेव्हा त्याचं कारण झालेलं होतं. कुणीही खोटं बोललं नव्हतं.

त्याच्या आधीचे चार महिने त्या अकरा ओळींत कुठेच नव्हते. तो रात्री उठून ओट्यावर बसायचा. दुकान उघडायला त्याला दहा-अकरा वाजायला लागले होते. शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. कर्ज होतं, पण ते सहा वर्षांपासून होतं. मार्चमध्ये त्याचा मला फोन आला होता. म्हणाला, “ताई, झोप लागत नाही गं. पहाटे तीनला जाग येते.” मी म्हटलं होतं, “चहा कमी कर.”

मावशीने ते कात्रण देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. घरात शब्दाला शब्द लागला की ते बाहेर यायचं. छापून आलंय म्हणजे खरंच असणार, असं मावशीला वाटायचं. पेपरवर तिचा विश्वास होता, आणि तो असायलाच हवा होता. दोन वर्षांत वहिनी मुलीला घेऊन कायमची माहेरी गेली. मुलगी सोळा वर्षांची झाल्यावर कुणीतरी त्या कात्रणाचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, त्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. रात्री तिचा मला फोन आला. “आत्या, आई तेव्हा गेली नसती तर?” तोपर्यंत मला हेल्पलाइनवर तीन वर्षं झाली होती. तरी मला काही बोलता आलं नाही. मी फोन धरून बसले, तिचं ऐकलं, आणि सकाळी पहिल्या गाडीने तिच्याकडे गेले.

ती बातमी लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. रात्री दहा वाजता पोलीस ठाण्यातून तीन ओळी मिळतात, पान अकराला सोडायचं असतं, आणि ‘कारण’ नसलेली बातमी अर्धवट वाटते, हे मला समजतं. पोलिसांच्याही कागदाला तो रकाना आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा तक्ता त्याच कागदांतून तयार होतो. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त, म्हणजे रोज बासष्ट. आणि कारणांच्या तक्त्यात ३१.७ टक्के कशापायी, तर ‘कौटुंबिक समस्या’. १८.४ टक्के ‘आजार’. एक माणूस, एक रकाना. माझा भाऊही त्या वर्षीच्या तक्त्यात कुठेतरी एका रकान्यात पडला असेल. पण पोलिसांना रकाना भरावाच लागतो. तुम्हाला लागत नाही.

‘क्षुल्लक’ या शब्दाबद्दल थोडं अधिक बोलते. १९३५ साली इंग्लंडमध्ये लिंकन शहरात चॅड व्हारा नावाच्या तरुण पाद्र्याने एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी केला. तिला पाळी सुरू झाली होती. ती काय असते हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, तिला वाटलं आपल्याला घाणेरडा रोग झाला, आणि विचारायला कुणी नव्हतं म्हणून तिने जीव दिला. हे कारण क्षुल्लक म्हणायचं का? जगातल्या निम्म्या माणसांना जे होतं, ते क्षुल्लकच म्हणावं लागेल. त्या मुलीला एकदाही कुणी दोन मिनिटं ऐकून घेतलं नाही, ही गोष्ट मात्र मोठी आहे. व्हारा यांनी ती अठरा वर्षं मनात ठेवली आणि २ नोव्हेंबर १९५३ ला लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये फोन सुरू केला. लोक प्रत्यक्षही येऊ लागले. त्यांना थांबावं लागायचं तेव्हा चहा देण्यासाठी काही साधी माणसं मदतीला बसली. व्हारा यांच्या लक्षात आलं की बरेचजण त्या चहा देणाऱ्यांशी बोलून हलके होऊन परत जातायत, त्यांना पाद्र्याची गरजच पडत नाही. काही महिन्यांत त्यांनी फोन त्या स्वयंसेवकांच्याच हाती दिला. जगभरातल्या आमच्यासारख्यांच्या कामाची ही सुरुवात. आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली ‘स्नेहा’ सुरू केली ती याच वाटेने.

संपादकहो, यातली एक गोष्ट खास तुमच्यासाठी. लंडनच्या त्या कामाला ‘समॅरिटन्स’ हे नाव व्हारा यांनी दिलेलं नाही. डिसेंबर १९५३ मध्ये ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने बातमीत ‘टेलिफोनवरचे गुड समॅरिटन’ असा शब्दप्रयोग केला (बायबलमधल्या गोष्टीत अनोळखी जखमी माणसाला मदत करणारा तो ‘गुड समॅरिटन’), आणि तो लोकांनी उचलला. आमच्या कामाला नाव मिळालं ते एका उपसंपादकाच्या टेबलावर.

तुमच्या टेबलावरून जीव वाचतात, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. व्हिएन्ना शहरात १९८० नंतरच्या वर्षांत एका सार्वजनिक ठिकाणच्या आत्महत्या वाढत गेल्या होत्या आणि त्यांच्या बातम्या रंगवून येत होत्या. तिथल्या आत्महत्या-प्रतिबंधक संघटनेने पत्रकारांना काही सूचना दिल्या आणि १९८७ च्या मध्यापासून वृत्तपत्रांनी त्या पाळल्या. त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीपेक्षा दुसऱ्या सहामाहीत तिथल्या आत्महत्या आणि आत्महत्येचे प्रयत्न ८० टक्क्यांहून जास्त घटले. ठिकाण कोणतं आणि पद्धत कोणती, हे मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही, आणि तरी गोष्ट पुरती कळली असेल. पुढे २०१० साली व्हिएन्नातल्याच संशोधकांनी दुसरी बाजू दाखवली. संकटात सापडलेला माणूस त्यातून कसा सावरला, अशा बातम्या छापून आल्यावर आत्महत्यांचं प्रमाण कमी झालेलं आढळलं.

भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये हेच मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्यांसाठी सांगितलेलं आहे. पद्धतीचं वर्णन नको, जागेचा तपशील नको, सनसनाटी मथळा नको, फोटो नको, आत्महत्या हा प्रश्नावरचा उपाय आहे असं सुचवणारी भाषा नको. तुमच्यापैकी अनेकजण पद्धत आणि फोटो आता टाळतात, हे मी पाहते आणि त्याबद्दल मनापासून आभार मानते. ‘कारण’ तेवढं अजून मथळ्यात राहिलं आहे. ‘मोबाईल न दिल्याने’ असं वाचणाऱ्यांत त्याच सकाळी आईने मोबाईल काढून घेतलेली एक मुलगी असते. तुम्ही तिला नकळत सांगत असता की मोबाईल काढून घेतल्यावर असं होतं. आणि तिच्या आईला सांगत असता की आता मुलीला रागवायचीसुद्धा सोय राहिली नाही. अशी बातमी आली की त्या आठवड्यात घाबरलेल्या आईबापांचे फोन वाढतात.

‘अयशस्वी प्रयत्न’ हाही शब्द तेवढा सोडा. जो वाचला, त्याला अपयशी कसं म्हणायचं?

आणि जे छापायला हवं ते छापा. “मी पूर्वी प्रयत्न केला होता, माझ्यावर केस होईल का?” हा प्रश्न आम्हाला आजही विचारला जातो. त्या भीतीने माणसं दवाखान्यातही खोटं सांगतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ मे २०१८ पासून लागू आहे. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच ते कलम गृहीत धरतं, आणि तिची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जुन्या दंड संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं ३०९ होतं, तसं सरसकट कलम उरलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं २२६ वं कलम आहे. हे किती वाचकांना माहीत आहे? दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी पहिल्या पानावर गुणवंतांचे फोटो असतात. त्याच पानावर पुरवणी परीक्षेचे अर्ज कधीपासून भरायचे, याची चौकट असू द्या. त्या दिवशी ती चौकट शोधणारी मुलं पान उलटायच्याही मनःस्थितीत नसतात.

आत्महत्येची बातमी द्यायचीच असेल तर गेलेल्या माणसाविषयी खात्रीने माहीत असलेलं तेवढंच लिहा. मृत्यूची नोंद झाली आहे, तपास सुरू आहे. ‘कारण अद्याप समजू शकले नाही’ हे वाक्य तुमच्याकडे पूर्वीपासून आहेच. तुम्ही ते नाइलाजाने वापरता, पण आत्महत्येच्या बातमीतलं ते सगळ्यात खरं वाक्य आहे. माझ्या वहिनीला ते मिळालं असतं तर तिचं आयुष्य वेगळं गेलं असतं.

आणि बातमीखाली नंबर द्या. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर चोवीस तास लागतो, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. काही दैनिकं तो देतात, पण बातमीच्या टाइपापेक्षा बारीक अक्षरात. चष्मा न लावता वाचता येईल असा द्या. रात्री तीन वाजता उठून बसलेला माणूस चष्मा शोधत नाही.

तुमच्या शहरात अशी हेल्पलाइन चालवणारी संस्था असेल तर डेस्कवरच्या दोघा-तिघांना एका रविवारी त्यांच्या प्रशिक्षणाला पाठवा. स्वयंसेवक व्हायला नव्हे, त्या पाठीला पाठ लावलेल्या खुर्चीत वीस मिनिटं बसायला. परत गेल्यावर ते कोणता मथळा लावतात ते पाहा.

आमच्या वहीतल्या ‘नंबर कुठून मिळाला’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘गुगल’ असतं, कधी ‘मैत्रीण’, कधी ‘रिक्षाच्या मागे वाचला’. गेल्या वर्षी एका शनिवारी मी त्या रकान्यात लागोपाठ तीनदा ‘पेपर’ लिहिलं. संध्याकाळी घरी जाताना स्टँडवर थांबून त्या दिवशीचे सगळे अंक चाळले. एका जिल्हा आवृत्तीच्या पाचव्या पानावर, एका छोट्या बातमीखाली, कुणीतरी ठळक अक्षरात आमचा नंबर दिला होता. मथळ्यात कारण नव्हतं. तो अंक मी विकत घेतला, अजून माझ्याकडे आहे. ज्या कुणी तो मथळा लावला त्यांना हे कळावं, आणि त्या रकान्यात मला ‘पेपर’ हा शब्द अधिक वेळा लिहायला मिळावा, एवढीच विनंती.

आपली,
हेल्पलाइनवरची एक स्वयंसेविका